पहाटेचं स्वप्न आणि दिवसाचा इलाज

किनवट तालुक्यातल्या इस्लापूरसारख्या गावात वाईट स्वप्नांची तक्रार घेऊन सहसा कुणी दवाखान्यात जात नाही. ताप आला, पोट बिघडलं, विंचू चावला, तर आरोग्य केंद्र. पण महिनाभर रोज रात्री माणूस घामाघूम होऊन उठत असेल, तर आधी घरातल्या म्हातारीला विचारलं जातं, फार झालं तर भगताला, आणि बहुतेक वेळा कुणालाच नाही. स्वप्नच ते, असं म्हणून दिवस उजाडला की माणूस शेताच्या वाटेला लागतो. खरं तर वारंवार पडणाऱ्या भीतीच्या स्वप्नांवर इलाज आहे. तो स्वस्त आहे, बऱ्याच अंशी बिनगोळीचा आहे, आणि रात्री नव्हे तर दिवसा करायचा आहे. तिथवर जाण्याआधी रात्री नेमकं काय घडतं ते पाहू.

पहाटेचं स्वप्न खरं का वाटतं

रात्रभराची झोप एकसारखी नसते. साधारण दीड-दीड तासाचे चार-पाच फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात आधी हलकी झोप, मग गाढ झोप, आणि शेवटी एक वेगळीच अवस्था येते. अंग निपचित पडलेलं असतं, मिटलेल्या पापण्यांआड बुबुळं भराभर हलत असतात, आणि मेंदू जवळपास जागेपणीइतकाच कामात असतो. शिकागो विद्यापीठातल्या युजीन ॲसरिन्स्की आणि नथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३ साली या अवस्थेची नोंद प्रसिद्ध केली. तिला रेम झोप म्हणतात. लांबलचक, गोष्टीसारखी चालणारी स्वप्नं बहुतेक याच झोपेत पडतात.

पहिल्या फेऱ्यात ही अवस्था जेमतेम पाच-दहा मिनिटांची असते, शेवटच्या फेऱ्यांत ती अर्ध्या तासाच्या आसपास जाते. गाढ झोपेचं उलट आहे, ती रात्रीच्या सुरुवातीलाच उरकून घेतली जाते. त्यामुळे सगळ्यात ठसठशीत स्वप्नं पहाटे पडतात, आणि त्याच सुमारास कोंबडा आरवतो, कुणीतरी चूल पेटवतं, पाण्याची घागर वाजते आणि जाग येते. स्वप्नाच्या मध्येच जाग आली तर ते आठवतं. न जागता पुढच्या झोपेत गेलं तर पुसून जातं. पहाटेचं स्वप्न खरं होतं, ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. तिच्यात एवढंच तथ्य की पहाटेचं स्वप्न ध्यानात राहतं. ध्यानात राहिलेल्या गोष्टीशी जुळणारं काही ना काही पुढच्या दोन-चार महिन्यांत घडतंच, आणि न जुळलेली शेकडो स्वप्नं कुणी मोजत नाही.

अधूनमधून वाईट स्वप्न पडणं हा आजार नाही. परीक्षा, लग्न, बाळंतपण, घरातला मृत्यू, कोर्टाची तारीख, हे सगळं झोपेत येतंच. मनी वसे ते स्वप्नी दिसे, ही म्हण पुष्कळशी खरी आहे. अडचण तेव्हा असते, जेव्हा आठवड्याला एकदा किंवा त्याहून जास्त वेळा असं स्वप्न पडतं, त्यानं झोप मोडते आणि दुसऱ्या दिवसाच्या कामावर, स्वभावावर त्याचा परिणाम होतो. मोठ्या माणसांत शंभरातल्या दोन ते सहा जणांना इतक्या वरचेवर ही स्वप्नं पडतात. मुलांमध्ये प्रमाण जास्त असतं, पण त्यांची बहुतेक वाढत्या वयाबरोबर कमी होतात.

किंचाळणारं लेकरू

रात्री दहा-अकराला, झोपून तास-दीड तास होतो न होतो, तोच पाच वर्षांचं लेकरू ताडकन उठून बसतं. डोळे उघडे, छाती धडधडतेय, अंगाला घाम, आणि ते किंचाळतंय. आई जवळ घेते तर तिलाच ढकलून देतं. तिला ओळखत नाही. दहा-पंधरा मिनिटांत पुन्हा झोपतं आणि सकाळी विचारलं तर त्याला काहीच आठवत नाही. घरचे मात्र रात्रभर जागे.

हे वाईट स्वप्न नाही. वाईट स्वप्न रात्रीच्या उत्तरार्धात पडतं, त्यातून मूल पूर्ण जागं होतं, आईला बिलगतं आणि काय दिसलं ते सांगतं. हे जे आहे ती गाढ झोपेतून अर्धवट जाग येण्याची अवस्था आहे. अर्धा मेंदू जागा, अर्धा झोपलेला. तीन ते बारा वर्षांच्या मुलांत हे दिसतं, घराण्यात असतं, आणि बहुतेकांचं वयात येईपर्यंत आपोआप थांबतं. ताप, दमणूक, जत्रेतलं जागरण, नवी जागा यांनी ते वाढतं. आश्रमशाळेत नुकतंच दाखल झालेलं लेकरू सुरुवातीच्या दिवसांत असं करत असेल, तर वसतिगृहाच्या अधीक्षकानं घाबरून जाऊ नये आणि इतर पोरांनी त्याची टिंगल करू नये, एवढं त्यांना समजावून सांगायला हवं.

अशा वेळी मुलाला गदागदा हलवून उठवू नये, तोंडावर पाणी मारू नये. ते बाजेवरून पडणार नाही, दाराबाहेर धावणार नाही, चुलीकडे जाणार नाही, एवढं पाहायचं आणि शांत बसायचं. रोज ठरावीक वेळीच होत असेल तर एक साधी युक्ती पुष्कळदा लागू पडते. त्या वेळेच्या पंधरा-वीस मिनिटं आधी मुलाला हळूच जरा जागं करायचं, लघवीला नेऊन आणायचं आणि पुन्हा झोपवायचं. दोन-चार आठवडे हे केलं की फेऱ्याची लय बदलते. मूल झोपेत नेहमी एकाच बाजूचा हात झटकत असेल, तोंडाला फेस येत असेल, किंवा अंथरूण ओलं करून नंतर बराच वेळ गुंगीत राहत असेल, तर मात्र फिटची शक्यता असते. ते डॉक्टरांनाच दाखवावं. मोबाइलवर काढलेला त्या वेळचा व्हिडिओ डॉक्टरला दहा प्रश्नांपेक्षा जास्त सांगतो.

मीठ-मोहरीनं दृष्ट काढण्याबद्दल माझं मत सरळ आहे. मिरच्यांचा धूर मुलाच्या नाकात जाऊ देऊ नका. बाकी त्यात अपाय नाही, आणि त्या निमित्तानं आई मुलाच्या अंगावरून हात फिरवते हे चांगलंच आहे. भीमरूपी किंवा रामरक्षा म्हणून झोपण्याच्या सवयीचंही तसंच. रोज त्याच वेळी, त्याच लयीत, संथ श्वासानं काही म्हणणं हा झोपेचा इशारा मेंदू चटकन शिकतो. तांड्यावरच्या घरात किंवा कोलामांच्या वस्तीत, पोडावर, त्या जागी दुसरं गाणं असेल. काम तेच.

छातीवर बसलेला मुंजा

दुसरा एक अनुभव मोठ्यांचा, विशेषतः तरुणांचा. जाग आलीय, खोली दिसतेय, पण हातपाय हलत नाहीत, आवाज फुटत नाही, छातीवर कुणीतरी बसलंय, आणि कोपऱ्यात कोणीतरी उभं आहे. मुंजा, हडळ, करणी अशी नावं या अनुभवाला आपल्याकडे मिळालेली आहेत आणि मराठवाड्यात भानामतीच्या गोष्टींचा पिंडच त्याला अनुकूल आहे.

रेम झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू मुद्दाम सैल करून ठेवतो. स्वप्नात धावणारा माणूस अंथरुणात धावू नये, यासाठीची ही सोय. कधीकधी भान आधी येतं आणि स्नायूंची मोकळीक काही सेकंद, क्वचित दोन-तीन मिनिटं, उशिरा मिळते. अंग अडकलेलं, भीती पेटलेली आणि स्वप्नाचे तुकडे उघड्या डोळ्यांपुढे. श्वास चालवणारा पडदा चालूच असतो, म्हणून जीव गुदमरत नाही. छातीचे बाकीचे स्नायू सैल असल्यामुळे तसं वाटतं. अशा वेळी सगळं अंग एकदम हलवण्याची झटापट सोडून पायाच्या अंगठ्यावर किंवा एका बोटावर लक्ष द्यावं. तेवढं हललं की बाकीचं सुटतं. हा प्रकार उताणं झोपल्यावर आणि जागरणांनंतर जास्त होतो, त्यामुळे कुशीवर झोपणं हा पहिला उपाय. छातीवर हात ठेवून झोपू नकोस, असं आजी सांगायची. तिचं कारण वेगळं असेल, पण हात छातीवर ठेवायला माणसाला उताणंच झोपावं लागतं.

साठीच्या पुढच्या पुरुषांत याच्या उलट घडतं. स्नायू सैल राहत नाहीत आणि म्हातारबानं स्वप्नातल्या रानडुकराला घातलेली लाथ शेजारी झोपलेल्या बायकोला बसते. हसण्यावारी नेण्याची ही गोष्ट नाही. पुढे काही वर्षांनी कंपवात होण्याची ती आधीची खूण असू शकते, म्हणून मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवलेलं बरं.

किल्लारी, पहाटे ३.५६

मराठवाड्यात भीतीच्या स्वप्नांबद्दल बोलायचं तर किल्लारीपाशी थांबावंच लागतं. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाच्या मिरवणुका आटोपून माणसं उशिरा झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याची जमीन हादरली. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचा जाड थर दिलेली माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. जवळपास आठ हजार माणसं गेली, बावन्न गावं जमीनदोस्त झाली.

उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात उबदार राहणारं माळवद म्हणजे मराठवाड्याची सुखाची झोप. त्या रात्री तेच घर झोपेतल्या माणसावर आलं. नंतर पाहणी करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांना वाचलेल्यांमध्ये दोन गोष्टी ठळक दिसल्या: नैराश्य, आणि आघातानंतरचा ताण. त्या ताणाच्या मुख्य खुणांपैकी एक म्हणजे तीच घटना स्वप्नात पुन्हा पुन्हा घडणं. जागेपणी माणूस आठवण टाळू शकतो. विषय निघाला की उठून जातो, त्या वाटेनं जात नाही. झोपेत ही पळवाट नसते.

अशा आघातानंतर पहिले काही आठवडे वाईट स्वप्नं पडणं स्वाभाविक आहे. बहुतेकांची ती हळूहळू ओसरतात. काहींची ओसरत नाहीत, आणि त्याचं एक मोठं कारण माणूस स्वतःच नकळत तयार करतो. स्वप्नाच्या भीतीनं तो झोप टाळतो. बारापर्यंत जागायचं, दोनला उठून बसायचं, दिवा चालू ठेवायचा. पण तुटलेली रेम झोप मेंदू पुढच्या रात्री वसूल करतो, जास्त आणि जोरात. स्वप्नं आणखी गडद होतात, भीती आणखी वाढते.

हे फक्त १९९३ चं नाही. २१ मार्च २०२४ च्या सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, नांदेडमध्येही जाणवला. त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा तेवढाच. किल्लारीच्या वेळी दहा वर्षांचं असलेलं लेकरू आता चाळिशी ओलांडलेला बाप्या आहे. जुनी भीती जागी व्हायला मोठा भूकंप लागत नाही, भांड्यांचा खणखणाट पुरतो. आणि आघात भूकंपाचाच असतो असंही नाही. पेनगंगेच्या पुरात वाहून जाता जाता वाचणं, सहस्रकुंडाच्या धबधब्यावर सहलीत कुणी बुडताना पाहणं, अपघात, घरातली मारहाण, फाशी घेतलेल्या माणसाला सगळ्यात आधी पाहणारे डोळे, या सगळ्यांच्या रात्री अशाच असतात.

नवा दांड पाडायचा

या स्वप्नांवरचा सगळ्यात भरवशाचा इलाज अमेरिकेतले डॉक्टर बॅरी क्रॅकाऊ यांनी २००१ मध्ये मोठ्या चाचणीतून पुढे आणला. लैंगिक अत्याचार सोसलेल्या आणि वर्षानुवर्षं भयस्वप्नांनी गांजलेल्या १६८ स्त्रिया त्या चाचणीत होत्या. निम्म्यांना तीन बैठकांत ही पद्धत शिकवली. त्यांची स्वप्नं, झोप आणि ताणाची इतर लक्षणं, सगळ्यांतच स्पष्ट सुधारणा दिसली, आणि ती काही महिन्यांनीही टिकली. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१८ च्या शिफारशींतही हीच पद्धत पहिल्या पसंतीची ठेवली.

पद्धत ऐकताना इतकी साधी वाटते की विश्वास बसत नाही. वरचेवर पडणारं स्वप्न ही पुष्कळ अंशी मेंदूला जडलेली सवय असते. पाणी जुन्याच दांडानं जातं. दुसऱ्या वाफ्यात न्यायचं तर दिवसाउजेडी खोरं घेऊन नवा दांड पाडावा लागतो. इथे खोरं म्हणजे कल्पना.

दिवसा, जेवणानंतर किंवा शेतातून आल्यावर, पण झोपायच्या वेळी नाही, निवांत बसायचं. एक स्वप्न निवडायचं. सगळ्यात भयंकर नको, त्याहून सौम्य एखादं आधी. ते थोडक्यात लिहायचं, लिहिता येत नसेल तर विश्वासाच्या माणसाला सांगायचं. मग ते बदलायचं. कुठूनही, कसंही, आपल्याला वाटेल तसं. समजा, एका बाईला स्वप्नात भिंत अंगावर येताना दिसते. ती ठरवते की भिंत दगडाची नाही, लुगड्याची आहे. वाऱ्यानं फुगते आणि ती लुगडं बाजूला सारून अंगणात येते, तिथे कडुनिंबाखाली बाज टाकलेली आहे. दुसरी म्हणेल, भिंत पडण्याआधीच मी लेकराला उचलून बाहेर आले. तिसरी स्वप्नाची जागाच बदलेल. कोणता बदल बरोबर, हे बाहेरच्यानं सांगायचं नाही. इथे एक खाच आहे: मदत करणारा माणूस चांगल्या मनानं आपलाच शेवट सुचवतो, आणि तो लागू पडत नाही.

मग हे नवं स्वप्न रोज दहा ते वीस मिनिटं डोळे मिटून मनात पूर्ण चालवायचं. रंग, वास, पायाखालची माती, आवाज. जुनं स्वप्न पुन्हा उगाळायचं नाही. आठवड्याला एक, फार तर दोन स्वप्नं. फरक दिसायला काही आठवडे लागतात. बऱ्याच वेळा नवं स्वप्न जसंच्या तसं रात्री पडत नाही. जुनं विरळ होतं, त्यातली धार जाते, किंवा माणूस स्वप्नातच म्हणतो की हे तर मला ठाऊक आहे. मुलांसाठी कागद आणि रंगखडू पुरे. आधी भीती काढायची, मग त्याच चित्रात काहीतरी घालायचं. वाघाला चड्डी घातली की वाघाचं काय उरतं!

जिनिव्हातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये याला आणखी एक जोड दिली. नवं स्वप्न मनात चालवताना पियानोचा एक सूर ऐकवला आणि रात्री रेम झोपेत तोच सूर हळूच वाजवला. ३६ जणांच्या त्या चाचणीत, सुराची जोड असलेल्यांची भयस्वप्नं जास्त कमी झाली. ते यंत्र आपल्याकडे यायला वेळ आहे. तोवर दिवसाची वीस मिनिटं पुरेशी आहेत.

एक इशारा मात्र गंभीरपणे घ्यावा. ज्यांचा आघात फार मोठा आहे, जे स्वप्न सांगायला लागले तरी थरथरतात, श्वास अडकतो, त्यांनी हे एकट्यानं करू नये. मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक सोबत असावा.

विंचवाची गोळी

भयस्वप्नांसाठी वापरलेल्या एका गोळीची गोष्ट विंचवापासून सुरू होते. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावात जन्मलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर कोकणात, महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करत होते, तेव्हा लाल विंचवाच्या दंशानं धडधाकट माणसं आणि लेकरं दगावत होती. विषानं शरीरातल्या ताणाच्या रसायनांचा लोंढा सुटतो आणि हृदय निकामी होतं, हे ओळखून त्यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी वापरायला सुरुवात केली. मरण कमालीचं घटलं. त्यांचे लेख लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

तीच प्राझोसिन अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ मरे रॅस्किंड यांनी युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या भयस्वप्नांसाठी वापरली. तर्क जवळचाच होता: ताणाच्या रसायनाचा मेंदूतला जोर कमी करायचा. सुरुवातीच्या लहान चाचण्यांत छान गुण आला. पण २०१८ मध्ये मोठ्या चाचणीचे निकाल आले, तेव्हा ती गोळी आणि नुसती पिठाची गोळी यांत फरक दिसला नाही. काही रुग्णांना ती आजही उपयोगी पडते आणि तज्ज्ञ ती देतात, पण पहिल्या डोसनं रक्तदाब एकदम उतरून माणूस चक्कर येऊन पडू शकतो. मेडिकलवाल्याकडून परस्पर घेण्याची ती गोष्ट नाही.

झोपेच्या साध्या गोळ्या तर परस्पर अजिबात घेऊ नयेत. त्या भयस्वप्नाचा इलाज नाहीत, सवय मात्र लावतात.

शिंदी, मोह, तंबाखू

झोप लागावी म्हणून घेतो, हे दारूचं सगळ्यात जुनं निमित्त. झोप लागते हे खरं. पण दारू रात्रीच्या पूर्वार्धात रेम झोप दाबून टाकते आणि उतरायला लागली की उत्तरार्धात ती उसळून येते. मोहाची असो की देशी, पहाटे तीनला भेदरून उठणं हा तिचाच दुसरा भाग. रोज पिणाऱ्यानं एकाएकी सोडली तर ही उसळी इतकी मोठी असते की स्वप्नं डोळ्यांपुढे उघडपणे दिसू लागतात, हात कापतात, फिट येऊ शकते. सोडायचीच, पण दवाखान्यात.

इस्लापूरहून तेलंगण लांब नाही, आणि शिंदीची गोष्ट सीमा ओळखत नाही. तेलंगणात शिंदीमध्ये अल्प्राझोलामसारखी गुंगीची औषधं मिसळल्याचे प्रकार वेळोवेळी उघडकीला आले आहेत. असली शिंदी रोज पिणारा माणूस कामासाठी दुसऱ्या गावी गेला आणि ती मिळाली नाही, की दोन-तीन दिवसांत झोप उडते, भास होतात, तो बरळू लागतो. घरच्यांना वाटतं बाहेरचं लागलं. डॉक्टरला सांगताना शिंदीचा उल्लेख लाजून गाळला जातो आणि निदान चुकतं.

झोपायच्या आधीची तंबाखूची चिमूट आणि रात्रीचा चहा, दोन्ही मेंदूला जागं ठेवतात. चहातल्या कॅफिनचा अर्धा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. चारच्या चहानंतर पुढचा सकाळी, हा हिशेब बरा.

रात्रीची वीज

शेतीपंपाला वीज आठवड्याच्या पाळीनं कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीच्या आठवड्यात मध्यरात्री उठून मोटर चालू करायची, बॅटरीच्या उजेडात साप-विंचू बघत पाणी द्यायचं, पहाटे परत येऊन पडायचं. पिकावर रानडुकरांची धाड असली तर आखाड्यावर जागल. अशा माणसाला ‘रोज दहाला झोपा, सहाला उठा’ असं सांगणारा लेख लिहिणाऱ्याला शेती ठाऊक नसते. दिवसा वीज द्या, या मागणीत झोपेचीही मागणी आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतू दिवसा वीज देणं हाच आहे. जिथे ती पोचली तिथे हा प्रश्न सुटेल.

तोवर करता येण्यासारखं एवढंच. रात्रीच्या पाळीच्या आठवड्यात परत आल्यावर अंधाऱ्या खोलीत सलग चार-पाच तास तरी झोप काढायची आणि दुपारी अर्ध्या तासाची डुलकी. शक्य असेल तर घरातल्या दोघांनी रात्री वाटून घ्यायच्या. लागोपाठ जागरण झालं, की पुढच्या गाढ रात्री स्वप्नं दाट पडतात. त्यानं घाबरायचं नाही, ती थकबाकी असते. लातूरला नीटच्या तयारीसाठी खोली करून राहिलेल्या पोरापोरींचीही हीच कथा, फक्त मोटरच्या जागी टेस्ट सिरीज आणि उशाशी मोबाइल. पेपर कोरा राहिल्याचं स्वप्न त्यांना पडतं, कारण रात्री एकपर्यंत त्यांनी तेच पाहिलेलं असतं.

अंथरूण आणि मण्यार

या भागात उन्हाळ्यात पत्र्याखाली झोपणं म्हणजे शिक्षा. रेम झोपेत शरीर आपलं तापमान नीट सांभाळू शकत नाही, त्यामुळे उकाड्यात झोप नेमकी तिथेच तुटते आणि तुटलेलं स्वप्न लक्षात राहतं. अंगणात बाज टाकणं हा जुना उपाय उत्तम, मच्छरदाणी लावून. मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचल्या की डास तर अडतातच, मण्यारही अडते. सापाची भीती डोक्यात घेऊन झोपणाऱ्याला ही जाळी झोपेच्या गोळीपेक्षा जास्त कामाची.

आणि मण्यारीवरून एक गोष्ट जिवाची आहे. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, कधी खूणही दिसत नाही. मध्यरात्री माणूस उठतो, पोटात कळ, घशाशी अडकल्यासारखं, पापण्या मिटत चाललेल्या, बोलणं जड. हे स्वप्न नाही, झपाटणंही नाही. लगेच दवाखाना. तापात बरळणाऱ्याचंही तसंच, आधी मलेरियाची तपासणी.

कधी आणि कुणाकडे

डॉक्टरकडे जाताना चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्यावीत. रक्तदाबासाठीचं मेटोप्रोलोल किंवा प्रोप्रॅनोलोल, नैराश्यावरची काही औषधं, कंपवाताचं लेव्होडोपा, दम्याचं आणि ॲलर्जीचं माँटेल्युकास्ट, यांनी स्वप्नं गडद होऊ शकतात. माँटेल्युकास्टवर तर अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२० मध्ये सर्वांत कडक इशारा छापायला लावला. मनानं गोळी बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारून बदलायची. घोरणं मोठं असेल आणि मध्येच श्वास थांबत असेल, तर तेही सांगायचं. गुदमरण्याची, बुडण्याची स्वप्नं त्यातून पडतात आणि श्वासाचा इलाज केला की जातात.

भगताकडे गेलेल्याला मी हसणार नाही. तिथे निदान कुणीतरी त्याचं ऐकून घेतं. पण भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीनं बांधणं, मारणं, चटके देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षांपर्यंत कैदेचा. आणि भगताकडे गेलात म्हणून आरोग्य केंद्रात जायला उशीर झाला, असं होऊ नये.

कर्जाच्या ओझ्याखालच्या घरात रोजची भयस्वप्नं हा वेगळा इशारा आहे. वरचेवर भयस्वप्नं पडणाऱ्यांत आत्महत्येचा धोका जास्त असतो, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. ‘झोपच नको वाटते’, ‘मेलेलं बरं’, असं कुणी बोललं तर त्याला एकटं सोडू नये, फवारणीचं औषध कुलुपात ठेवावं, आणि आशाताईंना सांगावं. शेतकरी कुटुंबांसाठी २०१५ पासून सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पात मराठवाडा-विदर्भातल्या आशांना अशी घरं ओळखायलाच शिकवलं आहे. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र, मोफत, मराठीत चालतो. पहाटे तीनला उठून बसलेला माणूसही तो लावू शकतो. पुढचा इलाज लागला तर नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. जाताना एका कागदावर दोन आठवड्यांची नोंद न्यावी: किती वाजता झोपलो, किती वाजता दचकून उठलो, काय दिसलं, त्या दिवशी काय प्यायलो. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातीला सांगून लिहून घ्यावी, काय दिसलं हा रकाना तेवढा मोकळा ठेवून.